थकलेले भाडे आणि कुलूपबंद खोल्या

घरभाडे हा विषय अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात फार लवकर येतो आणि तितक्याच लवकर संपतो. मागणी आणि पुरवठा यांच्या दोन रेषा काढाव्यात, त्यांच्या छेदबिंदूखाली एक आडवी रेषा ओढून तिला ‘कमाल भाडे’ असे नाव द्यावे आणि तिच्यामुळे निर्माण होणारी घरांची तूट विद्यार्थ्यांना दाखवावी, एवढ्यावर तास संपतो. गेली वीस वर्षे मी हा तास घेत आलो आहे. परंतु भाडेकरूने भाडे देणेच थांबविले तर काय होते, याची आकृती कोणत्याही पुस्तकात नाही. ती मला माझ्या आईच्या हिशेबाच्या वहीवरून शिकावी लागली.

आईचे घर साताऱ्यात आहे. वडील पुण्यात एका खाजगी छापखान्यात हिशेबनीस होते. नोकरी संपल्यावर हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीतून त्यांनी हे घर बांधले आणि वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने देण्यासाठी म्हणून काढल्या. निवृत्तिवेतन नसलेल्या माणसाचे ते निवृत्तिवेतन होते. वडिलांच्या पश्चात त्या खोल्यांच्या ७,००० रुपये भाड्यावर आईचा स्वयंपाकखर्च आणि औषधपाणी चालत असे. वर राहणारे गृहस्थ एका दुकानात हिशेब लिहीत. पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले, असे नेटके कुटुंब. तीन वर्षे त्यांनी पाच तारीख चुकविली नाही. मग एका नोव्हेंबरात दुकान बंद पडले आणि भाडेही बंद झाले. “काकू, पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देतो,” असे त्यांनी डिसेंबरात सांगितले. जानेवारीत तेही सांगणे थांबले. जिन्यावरून उतरताना ते मान खाली घालून जाऊ लागले. मार्चअखेर वहीतील ‘येणे’ या रकान्यात ३५,००० रुपयांचा आकडा उभा राहिला.

या काळात सल्ल्यांची वाण पडली नाही. पाण्याची मोटर बंद करा, आठ दिवसांत खोल्या मोकळ्या होतील, असे एका शेजाऱ्यांनी सुचविले. दुसऱ्या एका हितचिंतकांनी ‘माणसे’ पाठविण्याची तयारी दाखविली. आईचे म्हणणे एकच होते : “पोरांच्या परीक्षा होऊ देत.” मी मात्र, खरे सांगायचे तर, मोटरीच्या सूचनेचा दोन रात्री विचार करीत होतो.

वाड्यातील मनिऑर्डर

तो विचार मनातून गेला, त्याला कारण माझे स्वतःचे बालपण. आम्ही स्वतःच बिऱ्हाडकरू होतो. सदाशिव पेठेतील एका वाड्यात आठ बिऱ्हाडे होती आणि आमच्या दोन खोल्यांचे भाडे महिना २२ रुपये होते. एका वर्षी मालकांनी भाडे घेणे बंद केले. घेतले तर पावती द्यावी लागते, आणि घेतलेच नाही तर ‘भाडे थकले’ असे म्हणता येते, हा त्यामागचा हिशेब होता. वडील दर महिन्याला मनिऑर्डर करीत आणि ती ‘घेण्यास नकार’ असा शेरा मिरवीत परत येई. परत आलेले प्रत्येक कुपन वडील तारखेनुसार टाचून ठेवीत. बिऱ्हाड वाचले ते त्या कुपनांच्या गठ्ठ्यामुळे.

तेव्हा मालक आम्हा मुलांना दुष्ट वाटत. आज त्यांचा ताळेबंद मांडून पाहिला म्हणजे चित्र पालटते. आठ बिऱ्हाडांचे मिळून महिन्याला पावणेदोनशे रुपयेही त्यांच्या हाती पडत नसत. तेवढ्यात कौले शाकारणे शक्य नव्हते; मग पावसाळ्यात आमच्या खोलीत पातेली मांडावी लागत यात नवल कसले? ते स्वतःही त्याच गळक्या वाड्याच्या तळमजल्यावर राहत होते. आमची बाजू न्यायाची होती, आणि त्यांची अडचण खरी होती. या दोन गोष्टी एकाच वेळी सत्य असू शकतात, हे मान्य केल्याखेरीज घरभाड्याच्या प्रश्नावर शहाणपणाने बोलता येत नाही.

कायदा कोणासाठी?

मुंबईत भाडेनियंत्रण प्रथम आले ते १९१८ साली, पहिल्या महायुद्धातील टंचाईच्या पोटी. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच सर्वसाधारणपणे ‘प्रमाण भाडे’ ठरविले. त्यानंतर प्रथम भाड्याने गेलेल्या जागांना त्यांचे पहिले भाडे लागू झाले. निर्वासितांचे लोंढे, घरांची टंचाई आणि महागाई यांच्या त्या काळात हे अत्यावश्यक होते. चूक झाली ती तात्पुरती तरतूद अर्धशतक चालू ठेवण्यात. १९९७ च्या डिसेंबरात मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी व मनमानी ठरल्या असल्याचे म्हटले. मात्र कायद्याची मुदत लवकरच संपणार असल्याने त्या रद्द केल्या नाहीत. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून तो अमलात आहे. त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली.

दोन्ही कायद्यांचा गाभा एका शब्दप्रयोगात आहे. जो भाडेकरू प्रमाण भाडे देतो, किंवा देण्यास तयार व राजी आहे, त्याला भाड्याच्या कारणावरून काढता येणार नाही. वडिलांच्या कुपनांचे मोल नेमके येथे होते. ती ‘तयार व राजी’ असल्याचा पुरावा होती. म्हणजेच कायद्याचे संरक्षण भाडे देऊ पाहणाऱ्याला आहे. भाडे न देणे हा हक्क कोणत्याही कायद्याने कोणाला दिलेला नाही.

न देणाऱ्याविरुद्ध काय करावयाचे याचाही मार्ग आखून दिलेला आहे. थकबाकीची लेखी नोटीस द्यावी. तिच्यानंतर ९० दिवस उलटल्यावाचून दावा लावता येत नाही. दाव्याचे समन्स लागल्यापासून आणखी ९० दिवसांत भाडेकरूने सर्व थकबाकी १५ टक्के सरळव्याजाने भरली, पुढील भाडे नियमित दिले आणि दाव्याचा खर्च सोसला, तर त्या कारणावरून जागा खाली करण्याचा हुकूम होत नाही. दावा मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतो. साताऱ्यासारख्या गावी दिवाणी न्यायालयात.

‘लिव्ह अँड लायसन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कराराची वाट निराळी आहे. राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या कराराची मुदत संपली की मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर राहणाऱ्याला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. पण या वाटेच्या तोंडाशी एक फाटक आहे. करार लेखी असला पाहिजे आणि नोंदविलेला असला पाहिजे. ही जबाबदारी मालकाची आहे. ती न पाळणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणी नसेल तर कराराच्या अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल, ते अन्यथा सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरले जाते.

साताऱ्यातील एका वकील मित्राकडे मी कागद घेऊन गेलो तेव्हा त्याने पहिला प्रश्न हाच विचारला : “करार नोंदवला आहेस का?” नव्हता. मुद्रांकाच्या कागदावर टंकलिखित करून नोटरीचा शिक्का घेतला, की काम झाले अशी माझी समजूत होती. वर्गात करारांचे महत्त्व सांगणाऱ्या प्राध्यापकाने स्वतःच्या आईचा करार नोंदविला नव्हता. नोंदणीला जो खर्च आला असता तो एका महिन्याच्या भाड्याचा लहानसा अंश होता. वरच्या गृहस्थांनी ‘मी पूर्ण भाडेकरू आहे’ असे म्हटले असते तर ते खोडून काढण्याचे ओझे आमच्या शिरावर आले असते.

सक्तीचे कर्ज

भाडे थकणे म्हणजे आर्थिकदृष्ट्या नेमके काय? ते एक कर्ज आहे. परंतु ते देणाऱ्याच्या संमतीवाचून घेतलेले कर्ज आहे. बँक कर्ज देण्यापूर्वी ऋणकोची पत पाहते, तारण घेते, आणि शेकडो कर्जांपैकी काही बुडणार हे गृहीत धरून व्याजाचा दर ठरवते. एकच घर भाड्याने देणाऱ्या माणसाजवळ यांपैकी काहीच नसते. त्याचा ऋणको एकच, आणि तो बुडाला म्हणजे सारी बँकच बुडते.

या कर्जाचा दरही पाहण्याजोगा आहे. दावा झाला तर थकबाकीवर १५ टक्के सरळव्याज. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीला वर्षाकाठी याच्या दुपटीहून अधिक पडते. तेव्हा जो खरोखर अडचणीत आहे त्याला नोकरी गेल्यावर सर्वांत आधी थांबविण्याजोगा खर्च म्हणून भाडे दिसते. आणि जो लबाड आहे त्यालाही त्याहून स्वस्त पैसा मिळत नाही. कायद्याने दिलेली दोनदा ९० दिवसांची सवड पहिल्यासाठी आहे. ती योग्यच आहे, कारण माणसाला सावरायला सहा महिने लागतात. पण या दोघांतला फरक ठरविणारा निर्णय वर्षानुवर्षे लांबला म्हणजे सवड लबाडाच्या पथ्यावर पडते. दोष सवडीचा नाही, विलंबाचा आहे.

याची कठोर परीक्षा २०२० साली झाली. टाळेबंदीत रोजगार बुडाले तेव्हा राज्याच्या गृहनिर्माण विभागाने एप्रिलमध्ये घरमालकांना सूचना केली, की भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकलावी आणि भाडे थकले म्हणून कोणाला बाहेर काढू नये. माणुसकीला धरूनच ती सूचना होती. परंतु ज्या म्हाताऱ्या माणसाचे पोट भाड्यावरच चालते त्याने ते तीन महिने कसे काढावेत, हा प्रश्न तिच्यात नव्हता. भाडेकरूवर कोसळलेले संकट हे समाजाचे संकट असेल, तर त्याचा भार समाजाने उचलावयास हवा. तो एकट्या घरमालकाच्या खांद्यावर टाकणे म्हणजे त्याच्याकडून एक निराळाच कर वसूल करणे होय.

व्यवहारात काय करावे?

भाडे थकल्यावर मालक दोन चुका करतो. आरंभी तो संकोचाने गप्प बसतो आणि अखेरीस संतापाने हात उगारतो. दोन्ही महाग पडतात. थकलेल्या भाड्याचा दावा तीन वर्षांच्या मुदतीत लावावा लागतो. त्याहून जुनी बाकी वहीत राहते, न्यायालयात राहत नाही. उलट पाणी वा वीज तोडणे हा कायद्याने गुन्हा आहे. ज्या मालकाने मोटर बंद केली, त्याने आपली न्याय्य बाजू स्वतःच्या हाताने गमावली असे समजावे. शिवाय त्या पाण्यावाचून राहतात ती मुले. थकबाकीशी त्यांचा काय संबंध?

म्हणून पहिला महिना चुकताच बोलावे, आणि बोलण्यात आरोप नसावा, चौकशी असावी. दुसरा महिना चुकताच रक्कम, महिने आणि तारखा नमूद करून लेखी मागणी करावी. भाडे शक्यतो बँकेमार्फत घ्यावे. रोख घेतल्यास पावती द्यावी. पावती ही केवळ भाडेकरूची ढाल नव्हे; पावतीपुस्तकातील कोरी पाने हाच मालकाचाही पुरावा असतो. तडजोड झाली तर ती कागदावर यावी, दोघांच्या सह्यांनिशी. भाडेकरूनेही अडचण लपवू नये. जमेल तेवढी रक्कम दरमहा देत राहणारा माणूस आणि जिन्यावर मान खाली घालणारा माणूस, या दोघांना एकच संकट आलेले असले तरी समोरच्याच्या मनात त्यांची पत सारखी राहत नाही.

आम्ही हे उशिराने केले. एप्रिलमध्ये, मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर, मी नोटिशीचा मसुदा खिशात ठेवून वर गेलो. तो बाहेर काढावा लागला नाही. ते गृहस्थ जणू कोणी विचारण्याचीच वाट पाहत होते. त्यांनी स्वतःची वही आणली. तिच्यात आमची बाकी महिन्यागणिक लिहिलेली होती आणि ती आईच्या वहीशी रुपयाला रुपया जुळली. दोन हिशेबनीसांच्या घरांत दुसरे काय होणार? मेअखेर त्यांनी खोल्या सोडाव्यात असे ठरले. सात महिन्यांचे ४९,००० झाले. अनामतीचे २०,००० त्यांतून वळते केले, दोन हप्त्यांत त्यांनी १२,००० दिले. १७,००० राहिले. ते गावी गेले त्या दिवशी त्यांच्या पत्नी आईच्या पाया पडल्या. उरलेली रक्कम आजतागायत आलेली नाही, आणि आईने ती वहीतून खोडलेलीही नाही.

किंमत कोण मोजतो?

येथवर ही एका कुटुंबाची कथा झाली. तिचा खरा अर्थशास्त्रीय भाग यानंतर सुरू होतो. महिन्याभराने एक तरुण परिचारिका खोल्या पाहण्यास आल्या. कायम नोकरी, नियमित पगार, सोबत वृद्ध वडील. आईने मला विचारले, मी सल्ला दिला, आणि आम्ही ६०,००० रुपये अनामत मागितली. पूर्वी २०,००० घेत होतो. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग “एवढे जमणार नाहीत, काकू,” म्हणून निघून गेल्या. त्यांनी कोणाचेही भाडे थकविले नव्हते. दुसऱ्याच्या थकबाकीची किंमत मात्र आम्ही त्यांच्याकडे मागितली होती.

हीच गोष्ट शहरोशहरी घडत असते. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने राहत असलेल्यांना भाडेकरूंचे संरक्षण मिळाले. तेव्हा राहत असलेल्यांचे त्यात कल्याण झाले. पण ‘घर दिले की गेले’ ही धास्ती त्यानंतर कितीतरी मालकांच्या मनात घर करून राहिली. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार शहरांतील घरांत भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ साली ५४ टक्के होता, तो २०११ साली २८ टक्क्यांवर आला. घरे रिकामी राहण्याला सट्टा, स्थलांतर, वारसांचे तंटे अशी इतरही कारणे आहेत. सारा दोष थकबाकीच्या भीतीला देणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि, दोन खोल्यांना कुलूप लावणे हा भाडे बुडण्यापेक्षा कमी तोट्याचा सौदा वाटू लागला, की टंचाई कृत्रिमपणे वाढते, हे उघड आहे.

यावर उपाय कोणत्याही एका पक्षाची बाजू घेण्यात नाही. भाडेकरूचे संरक्षण सैल करावे असे मी, बिऱ्हाडकरूचा मुलगा, कधीही म्हणणार नाही. केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे आणि तंट्यांसाठी स्वतंत्र भाडे न्यायालये सुचविली आहेत. त्याचे सर्व तपशील पसंत पडोत वा न पडोत, या दोन तरतुदींची जोडी विचार करण्याजोगी आहे. लवकर निकालाची खात्री नसेल तर मालक अनामत कमी करणार नाही. आणि अनामत कमी झाल्याशिवाय नोकरदार तरुणांना घर मिळणार नाही. जलद न्याय मालकाला हवा असतो असे आपण समजतो. वस्तुतः त्याची अधिक गरज आहे ती उद्याच्या भाडेकरूला.

सरकार काय करील ते करो. आमच्या घरापुरता निर्णय आम्ही घेतला आहे. पुढचा करार नोंदविलेला असेल आणि अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसेल. आईला हे पटायला बरेच दिवस लागले. अजूनही ती पुरती निश्चिंत नाही. त्या परिचारिकांकडे निरोप धाडला तेव्हा त्यांना दुसरीकडे जागा मिळाली असल्याचे कळले, लांबची आणि अधिक भाड्याची. वरच्या खोल्यांना आज तरी कुलूप आहे. त्या कुलपाची किल्ली जितकी न्यायालयात आहे, तितकीच आमच्याही हातात आहे, एवढे मात्र आता कळले आहे.